सरळ वाक्याला उद्धट म्हणणारे

वहिनी कामावरून आली, डबा मोरीत टाकला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ, माझी जाहिरात झाली."

तिने साहेबाला पाठवलेला मेल साहेबाने यार्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. 'रिक्वेस्ट फॉर'भोवती लाल गोल. 'डिस्कस अबाउट'भोवती लाल गोल. 'एम्फसाइज ऑन'भोवती दोन गोल, एक पुरला नसावा. खाली साहेबाची ओळ होती की हे असलं इंग्रजी घेऊन मॅडमना परमनंट व्हायचंय. त्याखाली हसणारी पिवळी तोंडं, ओळीने.

हसणारे कोण होते, तेही सांगते. आमच्याच बाजूच्या गावांतली पोरं होती.

आज जिथे ते कंटेनर यार्ड उभं आहे, तिथे आमची मिठागरं होती. जागा घेताना घरटी एक परमनंट नोकरी कबूल झाली होती. दादा ट्रेलर चालवतो, म्हणून आमच्या घराची नोकरी वहिनीला मिळाली. गेट ऑफिसात बसून आलेल्या-गेलेल्या कंटेनरची नोंद करायची, एजंटांना मेल करायचे. पण नोकरी ठेक्यावर. दरवर्षी मुदत वाढवायची, दरवर्षी वहिनी परमनंट करा म्हणून मेल लिहिणार आणि दरवर्षी एकच उत्तर येणार, तेही तोंडी: इंग्लिश वीक है.

यंदा मी म्हटलं, बघूच काय वीक आहे ते.

मी पत्रकं लिहिते. आंदोलनाची, सभेची, निषेधाची. पत्रकाला जागा एका पानाची असते, त्यामुळे जो शब्द काम करत नाही त्याला मी दया न दाखवता हाकलते. त्या नजरेने वहिनीचा मेल वाचला आणि मला साहेबापेक्षा आमच्या शाळेचाच जास्त संताप आला. आम्हाला इंग्रजी शिकवलं ते मराठीच्या पाठुंगळी बसवून. 'बद्दल' म्हणजे अबाउट, 'वर' म्हणजे ऑन, 'साठी' म्हणजे फॉर, घोका. एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतात, म्हणून 'डिस्कस अबाउट'. एखाद्या मुद्द्यावर भर देतात, म्हणून 'एम्फसाइज ऑन'. ते 'बद्दल' आणि ते 'वर' त्या क्रियापदांच्या पोटातच असतं, मागून वेगळं जोडावं लागत नाही, हे एकाही सरांनी कधी सांगितलं नाही. साहेबाला त्याच्या महागड्या शाळेत सांगितलं. फरक एवढाच. आणि एवढ्या फरकावर एका घराची भाकरी अडवून ठेवायची?

संध्याकाळी वहिनी सुकट निवडत बसली होती. मी शेजारी तोच मेल सुधारून परत पाठवायला उघडून बसले.

"हा 'फॉर' काढ."

"काढला."

"हा 'अबाउट' पण."

तिचा हात थांबला. "वाचून बघ गो. डिस्कस, आणि लगेच माझी केस. मधे काहीच न्हाय. अंगावर धावून गेल्यासारखं वाटतं."

"इंग्रजीत असंच लिहितात."

"लिहीत असतील. आपण कुणाच्या दारात मोकळ्या हातानं जातो का? काही ना काही घेऊन जातोच ना. मना तर तो शब्द घातला की बरं वाटतं."

तेव्हा कुठे मला उमगलं. ती चुकत नव्हती, ती मान देत होती! आमच्याकडे कुणाचं जाळं मागायचं असलं तरी माणूस आधी ओट्यावर टेकतो, पोराबाळांची चौकशी करतो, चहा घेतो, आणि चपला घालता घालता, जणू आत्ताच आठवलं, असं जाळ्याचं काढतो. वहिनीने मेल तसाच लिहिला होता. नोकरीचा विषय शेवटच्या ओळीत, आणि तिथवर पोचेपर्यंत प्रत्येक क्रियापदाच्या हातात एकेक शब्द दिलेला. काही शाळेने दिलेले, काही तिने आपल्या मनाने.

हे कळल्यावर माझं डोकं शांत व्हायला हवं होतं. उलट जास्त तापलं. कारण आमच्या याच रीतीवर ते यार्डवाले इतकी वर्षं जगले. जागा मागायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना शहाळी फोडून दिली होती आणि नोकरीचं लेखी मागायला लाजले होते. बरं दिसत नाही म्हणून.

मी वहिनीला हे बोलून दाखवलं. तिने सुकटीतला कचरा एका बाजूला सारला. मग म्हणाली, "काढ. सगळे काढ."

चार ओळी उरल्या. जागेच्या बदल्यात आमच्या घराला परमनंट नोकरी कबूल केली होती. ती मिळावी ही विनंती. माझ्या प्रकरणाची चर्चा माझ्यासमोर करावी. उत्तर लेखी द्यावं. मी 'डिमांड' सुचवलं होतं, तिने 'रिक्वेस्ट'च ठेवलं. जास्तीचा एक शब्द नव्हता. लाल गोल काढायला जागाच नव्हती. मेल त्याच रात्री गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावलं. घरी आल्यावर तिने त्याचा आवाज काढून दाखवला.

"ये क्या टोन है?"

"सर, गलती कहाँ है बताओ."

"गलती नहीं है. टोन है. पहले इज्जत से लिखती थी. किसने सिखाया? घर में कोई नेता है क्या?"

ऐकलंत? कालपर्यंत ज्या शब्दांवर अख्खं यार्ड हसलं, ते आज इज्जत झाले! इंग्रजी वीक होतं तोवर इंग्रजीचं कारण. इंग्रजी सुधारलं की टोनचं. उद्या टोन सुधारला तर वहिनीच्या चपलांचं कारण काढतील. नरम करून परत पाठव, नाहीतर मुदत वाढवणं कठीण आहे, असंही तो म्हणाला.

मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं. पहिलाच शब्द 'निर्लज्ज' होता. वहिनीने कागद ओढून घेतला.

"तुझं पत्रक लोक वाचतील, टाळ्या वाजवतील, आणि मना घरी बसवतील."

"मग काय नरम लिहिणार?"

"न्हाय. त्याच चार ओळी."

गेट ऑफिसात तिच्यासारख्याच जमीन गेलेल्या घरातल्या आणखी तिघी होत्या. वहिनीने 'मी'चं 'आम्ही' केलं, 'माझ्या'चं 'आमच्या', छापून आणलं आणि चौघींनी सह्या केल्या. द्यायच्या दिवशी मीही निघाले. यार्डाच्या फाटकापाशी तिने मला थांबवलं.

"तू इथंच थांब. तू आत दिसलीस की त्यांना नेता सापडतो."

मला राग आला. तिचाही आला. पण ती खरं बोलत होती, म्हणून ट्रेलरची धूळ खात फाटकाबाहेर उभी राहिले. आत कारकून म्हणत होता म्हणे, मेल आहे ना, कागद कशाला. चौघी त्याच्या टेबलासमोर बसून राहिल्या. दुपारी त्यांनी डबे तिथेच उघडले. जवळ्याचा वास साऱ्या ऑफिसात पसरला, तेव्हा साहेब बाहेर आला.

वहिनी फाटकाशी आली तेव्हा तिच्या हातात पोच होती, शिक्का मारलेली.

"लेखी उत्तर देतो म्हणाला."

"आणि मुदत?"

"तीन महिने. चौघींना पण तीनच."

दरवर्षी अख्खं वर्ष मिळायचं. सरळ लिहिण्याचा दंड तो. मी साहेबाच्या नावाने जे तोंड सोडलं ते छापण्यासारखं नाही.

"हळू बोल, कॅमेरा हाय वर," वहिनी म्हणाली. "तीन महिने तर तीन महिने. उत्तर आलं न्हाय तर परत जाऊन बसू." तिने पोच माझ्याकडे दिली, नीट ठेव म्हणाली, गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि उरलेली ड्युटी करायला आत गेली.