चन्नूचा आकडा

चन्नू गेल्याचा महादेवीवहिनींचा फोन आला, तेव्हा मी सोलापूरच्या सात रस्ता चौकात चष्म्याच्या दुकानात होतो. "भाऊजी, झोपेतच गेले... त्रास नाही झाला," त्या म्हणाल्या. चष्मा तिथेच राहिला. आता महिना झाला, आणि खरं सांगतो, त्याची आठवण आली की रडण्यापेक्षा हसूच जास्त येतं.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी शाळेत गणित शिकवायला लागलो, तो अणुकेंद्रं फोडायला परदेशी गेला आणि निवृत्त होऊन इथे जुळे सोलापूर भागात परतला. "तू नक्की करायचास तरी काय?" असं विचारलं की तो न कंटाळता सांगायचा. ताऱ्यांमधल्या पोकळीत कार्बनची केंद्रं सुसाट धावत असतात; वाटेत हायड्रोजनवर आपटून कधीकधी फुटतात आणि त्यांचं बोरॉन होतं. असं किती वेळा होतं, ते प्रयोगशाळेत मोजायचं. तो आकडा पक्का असला, तर आपल्यापर्यंत पोचलेल्या बोरॉनवरून ही केंद्रं आकाशगंगेत किती भटकून आली ते सांगता येतं. असा एक आकडा चन्नूचा होता. त्यासाठी त्याने उमेदीची वर्षं घातली होती आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता.

शेवटच्या आजारात त्याचे ईमेल वहिनीच वाचून दाखवायच्या. एका दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. कुणा तरुण संशोधक मुलीने तीच मोजणी नव्याने केली होती आणि तिचा आकडा बराच कमी आला होता. चूक कुणाची, असं तिने अदबीने विचारलं होतं. "हे कसं वाचून दाखवू? आयुष्य घातलंय की त्यांनी. तुमीच सांगा." मी शहाणपणाने म्हटलं, "राहू द्या." आठ दिवस आम्ही ते दडवलं. पण गणिताच्या मास्तराने बरोबर उत्तर लपवायचं, हे काही मला पचेना. नवव्या दिवशी मीच वाचून दाखवलं.

त्याने कपाटातली जुनी नोंदवही मागितली. दोन दिवस मी वाचत होतो, तो डोळे मिटून ऐकत होता. आधी चौकटीत बसवलेल्या कार्बनच्या चकतीवर हायड्रोजनच्या केंद्रांच्या झोताने मारा करायचा, मग चकती काढून नुसत्या चौकटीवर, आणि दुसरी मोजणी पहिलीतून वजा करायची, ही त्याच्या प्रयोगशाळेची रीत. "थांब. तारीख वाच." रिकाम्या चौकटीची मोजणी आदल्या दिवसाची निघाली. मधल्या वेळात झोत चौकटीकडे सरकला होता, म्हणून वजा करायचं ते कमी पडलं होतं आणि आकडा फुगला होता.

"सापडलं की रे मास्तर. लई बरं झालं. पोरगी बरोबर आहे." कॉलेजनंतर इतका मोकळा हसताना मी त्याला पाहिला नव्हता. "आणि आठ दिवस का दडवलंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"ते वाटलंच. पण मी गेल्यावर चुकीचाच आकडा चालत राहिला असता, त्याचं काय?"

त्याच संध्याकाळी त्याने वहिनींकडून मुलीला उत्तर लिहून घेतलं.

वही अजून त्याच्या उशाशीच आहे. परवा मी ती उघडली. त्याचा आकडा खोडलेला आहे, शेजारी वेड्यावाकड्या अक्षरात त्या मुलीचा आकडा आणि खाली एवढंच, 'हा वापरा.' खोडायची रेघ मात्र त्याने पट्टी लावून मारली आहे.