कॅम्परच्या दारातल्या विहीणबाई

हे कुणाच्या हाती पडलं तर आधीच सांगते, माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुका पोटात घाला.

विहीणबाई गेल्या त्या दुपारी मी पोळ्या करत होते. हॉस्पिटलमधून सुनेचा, मृणालचा, फोन आला. "आई, मम्मी गेली..." मी गॅस बंद केला. रडू लगेच आलं नाही. मनात आलं ते हे, की आता तरी अवी मला काही विचारेल. अवी माझा मुलगा.

अमेरिकेत, ट्रॉयच्या या घरात आम्ही दोघी विधवा विहिणी एकत्र राहत होतो. मी मुलाची आई. लग्नात शैलजाबाईंनी चांदीच्या ताटात माझे पाय धुतले होते. पण इथे मान त्यांचा. त्या पुण्यात बँकेत होत्या, इंग्रजी बोलायच्या, आणि गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, कॅम्पर, तो भरायचं काम अवीने त्यांच्यावर सोपवलं होतं. दारावरच्या स्टिकरवर किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. शैलजाबाई दारात वजनकाटा ठेवायच्या. आधी एकट्या उभ्या राहायच्या, मग पिशवी उचलून. वजाबाकी तोंडी. स्वतःचं वजन जावयासमोर मोठ्याने सांगायच्या, "मी एकशे पन्नास पौंड, पिशवी वीस." मी तर डॉक्टरकडेही डोळे मिटून काट्यावर चढते.

पहिल्या उन्हाळ्यात कुणाच्या पायात येऊ नये म्हणून मी तांदूळ, कणीक, लोणच्याच्या बरण्या, सगळं गुपचूप मागच्या पलंगाखाली सरकवलं. हायवेवर कॅम्पर डुलायला लागला, ओढणाऱ्या आमच्या गाडीलाच हिसके देऊ लागला. अवीने हळूहळू वेग कमी करून गाडी कडेला घेतली. "आई, मागे काय भरलंस?"

शैलजाबाई म्हणाल्या, "गाडी उलाळ झाली, कमलताई. हे मी पुण्याच्या बाईने तुम्हाला सांगायचं?"

सगळे हसले. मागे भार झाला की बैलगाडी उलाळ होते, जू वर उचलतं, हे मी वडिलांच्या गाडीत बसून शिकले होते. तो शब्द माझा होता... तोही त्यांनीच घेतला. मग जड सामान त्यांनी खाली, चाकांच्या वर मधोमध ठेवलं, हलकं वरच्या कपाटात, आणि कॅम्पर सरळ चालला.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा आकडा कमी यायला लागला. एकशे अडतीस, एकशे तीस. मृणाल म्हणाली, "मम्मी, काय मस्त बारीक झालीस!" मी रात्रीचा भात सोडला. त्यांच्यासारखं बारीक व्हायचं म्हणून. एक दिवस त्यांना पिशवी उचलेना. मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही धराल का जरा?" त्या दिवशी त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला नाही. मग तपासण्या झाल्या, आणि आम्हाला आजाराचं नाव कळलं.

परवा आम्ही पुन्हा लेकवर, तळ्याकाठच्या मुक्कामाला, निघालो. अवी म्हणाला, "आई, लोडिंग तू बघशील?" इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते. काट्यावर उभी राहिले, मुलासमोर माझं वजन सांगितलं, एकेक पिशवी जागेवर लावली. वाटेत कॅम्पर एकदाही डुलला नाही. मुक्कामाला उतरल्यावर अवी खुशीत म्हणाला, "अगदी मम्मींनी भरल्यासारखा चालला."

एवढं करून नाव त्यांचंच. मला इतका राग आला की मी तशीच आत गेले आणि भाताला लागले. मृणालने तांदूळ आधीच मोजून ठेवले होते. पातेल्यात बघितलं तर तिने मम्मीच्या वाटणीचेही घेतले होते.

मी ते काढले नाहीत. सगळे धुतले आणि सगळ्यांचा भात लावला.