चावी काढली तरी

भनपुरीजवळ बाबांनी जुनी डिझेल जीप कडेला लावून बंद केली, पण इंजिन थांबलं नाही. आवाज चढतच गेला आणि मागून निळसर धूर निघू लागला.

"बाबा, बंद काहून नाही करत?" मी ओरडले.

"चावी माह्या हातात आहे, बेटा! तू उतर, दूर पळ!"

पेट्रोलचं इंजिन हवा साधारण दहापट दाबतं, म्हणून त्याला ठिणगी लागते. डिझेलचं जवळजवळ वीसपट दाबतं, त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं, ठिणगी लागत नाही. चावीनं डिझेल तोडलं, पण आता जीपचं इंजिन आत गळणारं स्वतःचंच ऑइल पिऊन राहिलं होतं.

मी पळाले. बाबांनी टॉप गिअर टाकून, ब्रेक गच्च दाबून क्लच सोडला, म्हणजे अडलेली चाकं इंजिनालाही अडवतील. जीप हिसका देऊन गप्प झाली. बाबा मात्र उतरेनात. मी परत येऊन दार उघडलं, तेव्हाही ते ब्रेक गच्च दाबूनच बसले होते.