बेटावरच्या गुहेतलं तळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. का नाही, ते कळेलच तुम्हाला.

आधी एक सांगते, माझं बरं चाललंय. सिल्वासात दोन खोल्यांचं घर, शाळेतली नोकरी, शांत स्वभावाचा नवरा, एक मुलगी. रात्री झोप लागते. लागावी का?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कुंदा आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. दोघी कोकणातल्या, राहायचोही एकाच खोलीत. खानवेलच्या पुढे धरणाचं पाणी चढलं आणि एका टेकडीचं बेट झालं. त्या बेटावर गुहा होती, आणि गुहेच्या पोटात तळं. एका रविवारी होडी करून आम्ही बघायला गेलो. होडीवाले जानूकाका बाहेर होडीपाशीच थांबले.

तळं इतकं नितळ, की बॅटरीच्या उजेडात तळाचे खडे दिसत होते. कुंदा हरखून पुढे वाकली — आणि घसरली. तिला पोहता येत नव्हतं. मला येत होतं. चांगलं येत होतं.

मी हात तरी पुढे केला का? नाही. मी वळले आणि पळाले — बॅटरी घेऊन, तिला काळोखात टाकून. बाहेर एका दगडावर जाऊन बसले. आतली किंकाळी ऐकून जानूकाकाच धावले, माझ्या हातातली बॅटरी ओढून घेत आत शिरले आणि तिला बाहेर घेऊन आले.

चिंब भिजलेली कुंदा मला बिलगली. म्हणाली, "शैला, तू काकांना बोलवायला धावलीस म्हणून वाचले गं मी."

जानूकाकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वल्हं उचललं. तेव्हा बोलता आलं असतं — नाही बोलले.

कुंदाने ही गोष्ट घरी सांगितली. तेवढ्यावरून तिच्या आईने मला सून म्हणून पसंत केलं. तिच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिल्याच भेटीत विचारलं, भीती नाही वाटली? मी मान खाली घातली. त्याला तो विनय वाटला.

परवा कुंदा आली होती. माझ्या मुलीला जवळ घेऊन तिने तेच पुन्हा सांगितलं. मुलगी माझ्याकडे अभिमानाने बघत राहिली. मी कुंदाच्या ताटात आणखी एक घावन वाढलं.

मी कुणाला बोलवायला धावले नव्हते. पळाले होते. आणि त्या पळण्यातून मिळालेल्या या घरात मी सुखात आहे.