ब्लोअरला घातलेला हार

रविता बिसेन चिडली की आवाज चढवत नाही, कामाला लागते. दवनीवाड्याची ही मुलगी केमिकल इंजिनियर होऊन आमच्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या गिरणीत आली, तेव्हाही मी वजनकाट्यावर होतो. धान भिजवलेलं काळं, आंबूस पाणी आम्ही सरळ नाल्यात सोडायचो. नाला पुढे गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जातो. तिथे गावातला कवडू शिंगाड्याची वेल लावतो, आणि ती दरसाल सडायची. लाज म्हणून कुणाला नव्हती.

रविताने टाकी बांधून घेतली. शेणकाला आणि गूळ घालून त्यात घाण खाणारे जिवाणू वाढवले. त्यांना हवा लागते, म्हणून ब्लोअर दिवसरात्र चालू. हळूहळू पाणी इतकं निवळलं की तेच पुन्हा धान भिजवायला घेऊ लागलो. बोअरचा उपसा निम्म्यावर आला. यंदा कवडूची वेल बोडीभर पसरली.

मग विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. रविता तापाने घरी होती. "बाकी सगळं बंद करा, ब्लोअर नाही," असं बजावून गेली होती. गिरणीमालक नंदलालशेठने तोही बंद करवला. कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग प्रसाद, जेवणावळ, आणि दुसऱ्या दिवशीही कुणी बटण दाबलं नाही. आठवलं की माझं डोकं अजून तापतं. हात जोडायला सगळे पुढे, बटण दाबायला एक नाही.

रविता परतली तेव्हा फाटकातच वास आला. जिवाणू मेले होते, पाणी पुन्हा काळं.

"काऊन बंद केला जी? मी सांगून गेली होती न."

"मर गए तो नए डाल दो, मॅडम," शेठ म्हणाला. "तब तक पानी नाले में छोड़ो."

नाल्याकडचा व्हॉल्व्ह आवळून रविताने त्याचं हँडल काढून घेतलं. मग पूजेचा तांब्या टाकीत बुडवला आणि शेठसमोर धरला.

"पूजा केली न? मंग तीर्थ घ्या. कवडूले तर तुमी हेच पाजत होते."

शेठ नाक दाबून मागे सरकला. हमाल बघत होते, कुणी हसलं नाही.

टाकी जगेपर्यंत भिजवण बंद राहिली. धानाचे ट्रक फाटकाबाहेर उभे. शेठ रोज सकाळी टाकीपाशी येऊन विचारायचा, "जिंदा हुए क्या, मॅडम?"

रविता शेणाची बादली त्याच्या हातात द्यायची.