चारूआत्या लॅपटॉप पारखते

हैदराबादेत हिमायतनगर आणि नारायणगुडा भागातल्या मराठी घरांत कोणाचं लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकायच्या आधी चारूआत्याकडे निरोप जायचा. बस्ता बांधायचाय, कधी मोकळ्या आहात? ती येणार म्हटल्यावर मगच मुहूर्त बघून सगळं वऱ्हाड सुलतान बाजारात कापड घ्यायला निघायचं. चारुलता मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या, बाळकृष्णाच्या घरात ती वरच्या मजल्यावर राहायची, आणि भावाच्या मुलीमुळं अख्ख्या गल्लीची ती आत्याच होऊन बसली होती.

ती दुकानाच्या गादीवर बसली की मालक पंखा तिच्याकडं वळवायचा आणि मनातून धास्तावायचा. कारण साडी पुढ्यात आली की बाई ती आधी उलटी करायची. मग काठ चिमटीत धरून घासायची, पदर चुरगळून सोडून द्यायची, आणि शेवटी साडी उचलून थेट दारात, उन्हात न्यायची. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग शहाण्यासारखे वागतात, असं तिचं म्हणणं. एवढं झाल्यावर बहुतेक वेळा ती एकच शब्द बोलायची, ‘नको.’ आणि तिनं नको म्हटलेली साडी परत पुढ्यात ठेवायची कोणाची छाती नव्हती, कारण दिलेला शब्द तिनं कधी फिरवला नव्हता.

पुढं बाजार खुला झाला. टीव्हीवर वाहिन्या आल्या, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि लोक चार मजली थंडगार दुकानांत जायला लागले. तिथं साडी काचेआड बाहुलीच्या अंगावर असते आणि भाव चिठ्ठीवर छापलेला असतो. घासाघीस नाही, तसं घासून बघणंही नाही. २०१३च्या उन्हाळ्यापर्यंत चारुलताला बस्त्याचं शेवटचं बोलावणं येऊन बराच काळ लोटला होता. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती सांगायची. वाटत होतं. चांगलं झोंबत होतं.

अशातच मेघनानं लॅपटॉपचा विषय काढला. मेघना ही बाळकृष्णाची मुलगी, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांनी घरी ‘प्रोजेक्टला लागतो’ अशी थाप मारून लॅपटॉप पदरात पाडून घेतले होते. ही बया जेवताना सरळ म्हणाली, “पप्पा, मला गेमिंगचा लॅपटॉप पाहिजे. त्यातल्या त्यात स्वस्तवाला चालेल.”

“अभ्यासाला?” बाळकृष्णानं तिला सोपी वाट काढून दिली.

“नाही हो. खेळायला.”

आता बाळकृष्णाची सगळी नोकरी सचिवालयात गेलेली. तोंडावर नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. तसा प्रसंग आला की तो फाइल दुसऱ्या टेबलावर पाठवून द्यायचा. “आत्याला ने दुकानात,” तो म्हणाला. “ती हो म्हणाली तर माझं काही म्हणणं नाही.” आणि त्यानं निवांतपणे भातावर वरण वाढून घेतलं.

“अहो, वन्संना त्यातलं काय कळतं?” त्याची बायको प्रमिला म्हणाली.

“पैशाला वस्तू उतरते का नाही, एवढं तिला कळतं.”

वर निरोप गेला तेव्हा चारुलता क्षणभर घाबरली. बँकेच्या मशीनमधून पैसे काढण्यापलीकडं तिचा यंत्राशी संबंध नव्हता. पण कोणीतरी पुन्हा तिला काहीतरी पारखायला बोलावत होतं, आणि ते काय असतं हे तिला बिलकूल ठाऊक नव्हतं. त्यामुळं कधी एकदा जाऊन बघते असं तिला झालं.

दुकान घरापासून फार लांब नव्हतं. तिथला विक्रेता इलियास हा चाळिशीतला, गोड बोलणारा माणूस. त्यानं मेघनाच्या आवडीचा लॅपटॉप काढून ठेवला. काळा, जाडजूड, बटणांखाली लाल उजेड. चारुलतानं पदर खोचला आणि आधी तो उलटा केला.

“अरे अम्मा, संभाल के,” इलियास म्हणाला.

खालून जाळी होती, स्क्रू होते आणि हलकं प्लास्टिक होतं. झाकणाचा कोपरा तिनं चिमटीत धरून दाबला, तर झाकण वाकलं. मधोमध बोटानं दाबलं, तर बटणांची पट्टी खाली दबली. मग तिनं तो उचलला आणि दाराकडं निघाली. इलियास धावतच मागं गेला. “अम्मा, ये साडी नै है. धूप में कुछ नै दिखता इसमें.”

“तेच बघायचंय मला,” चारुलता म्हणाली. उन्हात पडद्यावर तिला स्वतःचाच चष्मा दिसला, बाकी काही नाही. परत येऊन तिनं शेजारचा दुसरा लॅपटॉप हातात घेतला. भाव साधारण तोच, पण हा बारीक, चंदेरी, पत्र्याचा आणि कुठंही न वाकणारा. पडदाही झकास. “याला म्हणतात वस्तू,” ती म्हणाली. “तो काळा नको.”

“आत्या, त्याच्यात गेम चालत नाहीत गं,” मेघना म्हणाली. “बजेटमधल्या सगळ्यांची बॉडी अशीच असते. तेवढं लाइट घे नं, मनावर नको घेऊस.”

“नको म्हणजे नको. या भावात हे प्लास्टिक?”

मेघनानं काळ्या लॅपटॉपकडं एकदा पाहिलं. “बरं,” ती म्हणाली, आणि आत्याचा हात धरून तिनं तिला पायरी उतरवली. वाटेत तिनं तोंड पाडलं नाही की वाद घातला नाही. उलट मोसंबीचा रस पाजला.

घरी बाळकृष्ण फारच खूश झाला. पण चारुलताला काही चैन पडेना. आपलं बोलणं चुकलं असं तिला वाटत नव्हतं. तिला वेगळाच किडा चावला होता. साडीचा पैसा कुठं गेला ते तिला हात लावताच समजायचं. जरीत गेला, विणीत गेला, नाहीतर दुकानाच्या रोषणाईत गेला. या काळ्या डब्याला चंदेरीएवढाच भाव होता, आणि अंगावर तर काहीच नव्हतं. दुकानदार खुळा नव्हता, घेणारी पोरंही खुळी दिसत नव्हती. मग पैसा गेला कुठं?

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन नुसतं भाजून काढत असताना, ती छत्री घेऊन एकटीच दुकानात हजर झाली.

“कुछ लेने नै आई,” तिनं आधीच सांगून टाकलं. “एक बात पूछनी है. इसका पैसा किधर गया?”

इलियास आधी गडबडला, मग हसला. अशा दुपारी तसंही दुकानात चिटपाखरू नव्हतं. “अंदर गया अम्मा. अंदर एक कार्ड रहता, तस्वीर चलाने का. पूरा पैसा उसीच में है. बाहर कू कुछ बचाइच नै.”

“खोल के दिखाओ.”

“खोले तो गॅरंटी जाती.”

“फिर मालूम कैसे पडता?”

“चला के देखना पडता,” इलियास म्हणाला आणि त्यानं तिला खुर्ची दिली.

त्यानं मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ आधी चंदेरी लॅपटॉपवर लावला. गाडी दोन पावलं जायची आणि अडखळायची, झाडं एकदम नाहीशी व्हायची आणि एकदम नाकासमोर उगवायची. मग तोच खेळ काळ्यावर लावला. चारुलता पुढं सरकून बसली. रस्ता सरसर मागं जात होता, नदीवर ऊन पडलं होतं, गाडी वळली की सावली बरोबर वळत होती. काल दारात जाऊन जे ऊन तिला त्यात दिसलं नव्हतं, ते आत होतं.

“मैं चलाती,” ती म्हणाली.

पहिल्यांदा तिनं गाडी नदीत घातली. दुसऱ्यांदा कठड्यावर चढवली आणि मग नदीत घातली. मुलींच्या शाळेत जिच्या नुसत्या चाहुलीनं वर्ग गप व्हायचा, ती बाई काउंटरशी बसून मोठ्यांदा हसत होती. पण हसली तरी ती चारुलताच होती. तिनं खेळ बंद करू दिला नाही. पहिल्या धुण्याआधी कुठलंही कापड चांगलंच दिसतं हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं इलियासला तो चालूच ठेवायला सांगितला, त्याचा चहा प्यायली, आणि मधूनमधून तळहात खाली घालून बघत राहिली. लॅपटॉप तापला. आतला पंखा घोंघावायला लागला. चित्र किंचित मंदावलं, पण अडखळलं नाही. मग करंट गेला, त्या उन्हाळ्यात तो रोजच जायचा, आणि नुसत्या बॅटरीवर खेळ एकदम मवाळ पडला. तेही तिनं ध्यानात ठेवलं.

उठून तिनं छत्री उचलली. वस्तू समजली होती, पण शब्द देऊन बसली होती. आता तो गिळायचा म्हणजे जिवावर आलं. एकदा शब्द फिरवणाऱ्या बाईला उद्या कोण विचारील? तसं आताही कोण विचारतंय, असंही तिच्या मनात आलं. पण आपण नको म्हणालो म्हणून पोरीची चांगली वस्तू हुकणार, हे तिच्या गळी उतरेना.

संध्याकाळी ती खाली उतरली. बाळकृष्ण बैठकीत पेपर वाचत होता, प्रमिला मिरच्यांची देठं खुडत होती, मेघना फोन घेऊन पडली होती.

“बाळ, मी काल चुकीचं बोलले,” चारुलता उभ्या उभ्याच म्हणाली. “तो लॅपटॉप चांगला आहे. घेऊन टाक.”

बाळकृष्णानं पेपर खाली केला. “ताई, काल तू नको म्हणालीस.”

“काल म्हणाले. उन्हात तो दिसणार नाही, तापला की ओरडतो, करंट गेला की दम सोडतो, झाकण जपून उघडावं लागेल. पण तिला ज्या कामाला पाहिजे, ते काम त्या भावात दुसरा करत नाही. मी दोन्ही चालवून बघितले.”

“तुम्ही चालवलात?” प्रमिलाच्या हातातली मिरची खाली पडली.

“गाडी दोनदा नदीत घातली.”

मेघना फोन टाकून उठून बसली. बाळकृष्ण मात्र कावराबावरा झाला. “असं कसं ताई? अगं, तू कधी शब्द फिरवत नाहीस. मग तुला नेलं कशाला?”

“कशाला म्हणजे?”

“नको म्हणायला!” त्याच्या तोंडून निसटलंच. मग ते सावरायला तो आणखी बोलला. “म्हणजे मीच काय, सगळेच त्यासाठी न्यायचे तुला. गल्लीतल्या केशवरावाचंच घे. त्याची ज्योती बस्त्याला त्या महागड्या जांभळ्या साडीवर अडून बसली होती, बापाला नाही म्हणवेना. तू काठ घासलास, नको म्हणालीस, सुटला बिचारा.”

“अहो, गप बसा नं,” प्रमिला पुटपुटली.

चारुलता सावकाश खुर्चीत टेकली. ज्योती तिला आठवली. नाकात नवी चमकी, दोन्ही हात मांडीवर, आणि ‘बरं, आत्या.’ तशाच कितीतरी जणी. ते ‘बरं’ म्हणजे आपला मान, असं ती समजत आली होती. रंग जाईल का, काठ टिकेल का, भावाला उतरेल का, हे सगळं तिनं दुकानदारांना विचारलं होतं. जिच्या अंगावर ती साडी चढायची, तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. तिला भावाचा राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली.

“मेघना,” ती म्हणाली, “तुला आवडलाय का तो?”

मेघनानं बापाकडं पाहिलं, मग आत्याकडं. “उन्हात स्क्रीन दिसत नाही आत्या, तू म्हणालीस ते खरंय. पण मला खूप आवडलाय.”

“झालं तर. बाळ, ऊठ.”

बाळकृष्णानं बायकोकडं पाहिलं. ती मान खाली घालून मिरच्या खुडत राहिली. फाइल पुढं सरकवायला आता टेबल उरलं नव्हतं. तो उठला आणि चपला शोधायला लागला.

ऑटोत तिघं दाटीवाटीनं बसली. मेट्रोच्या खोदकामामुळं रस्ता तुंबला होता. बाळकृष्ण ड्रायव्हरला दुसऱ्या गल्लीतून घ्यायला सांगत होता, तेवढ्यात मेघना आत्याच्या कानाशी लागली.

“खरं सांगू? तू नकोच म्हणाली असतीस नं, तरी मी तुझ्यावर चिडले नसते.”

“ठाऊक आहे मला,” चारुलता म्हणाली. तिनं पोरीचा हात घट्ट धरला. “चिडायला पाहिजे होतंस गं. एवढ्या जणींतल्या कुणीतरी एकीनं तरी माझ्यावर चिडायला पाहिजे होतं.”