फाटकावरची ओव्हर

सिंदी मेघेत आमच्या शेजारी एक नर्स राहतात. नोकरी सांभाळून त्यांनी या वयात पुन्हा नर्सिंगच्या पदवीला प्रवेश घेतला आहे. ड्युटी आणि कॉलेज आटोपून संध्याकाळी आल्या, की त्या लगेच घरात शिरत नाहीत. फाटकाशी उभ्या राहून समोरच्या रिकाम्या प्लॉटला ओव्हर देतात. ड्युटी बदलताना येणाऱ्या नर्सला पेशंटची माहिती सांगायची, त्याला ओव्हर म्हणतात.

"चार नंबरचे आजोबा जेवले नाईत. पाच नंबरचं सलाईन चालू हाय." प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबतात, समोर कोणी लिहून घेत असावं तशा.

मी एकदा विचारलं, तर हसल्या. "पेशंट डोक्यातच राह्यले तर अभ्यास कुठं मावन, भाऊ?"

त्यांच्या वॉर्डात खाटा सहाच. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सहावा पेशंट सांगून झाला तरी त्या थांबल्या नाहीत.

"सात नंबर. बाई. झोप नाई, जेवन नाई, हात थरथर कापून राह्यले. पेपरले जात नाई म्हनते." मग स्वतःचीच नाडी धरून त्यांनी प्लॉटला विचारलं, "घेतली ना ओव्हर?"

उत्तर येईना. त्याही हलेनात.

"घेतली, सिस्टर," शेवटी कुंपणाअलीकडून मीच म्हणालो.

माझ्याकडे न पाहता त्या आत गेल्या. थोड्याच वेळात त्यांचा वाचण्याचा आवाज येऊ लागला, अगदी निवांत.

मी घरात आलो. बायकोनं ताट वाढलं आणि बघत राहिली.

"जेवत काऊन नाई?" ती म्हणाली. "अन् हात काऊन कापून राह्यले तुमचे?"